वाय-फायची सेवागुणवत्ता

वाय-फाय जाळ्यातून जाणारा आवाज, चलचित्र, संदेश किंवा फाइल वापरकर्त्यापर्यंत किती वेगाने, किती विलंबाने आणि किती अखंडपणे पोहोचते, यावरून त्या जाळ्याची सेवागुणवत्ता ठरते. वेग हा तिचा केवळ एक भाग होय. चित्रपट उतरवून घेताना मध्येच एखादा सेकंद प्रवाह थांबला तर ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. संभाषणात मात्र अर्ध्या सेकंदाचा विलंब झाला तरी दोन्हीकडील व्यक्ती एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. आवाजासाठी एका दिशेचा विलंब शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत म्हटले आहे. म्हणून सेवागुणवत्तेचा विचार करताना वेगाबरोबरच विलंब, विलंबातील चढउतार आणि वाटेत हरवणाऱ्या पॅकेटांचे प्रमाण हेही मोजले जाते.

मोबाइल सेवेत परवानाधारक कंपनीला लहरींचा ठरावीक पट्टा मिळालेला असतो आणि त्या पट्ट्यात कोणी, केव्हा, किती बोलायचे हे तिचे मनोरे ठरवतात. वाय-फायमध्ये असा कोणी नियंता नाही. राउटर एका कंपनीचा, त्यातील चिप दुसरीची, हातातील फोन तिसरीचा आणि इंटरनेट जोडणी चौथीची असते. शेजारच्या घरातील राउटरशी तर यांपैकी कोणाचाच संबंध नसतो. तरीही या सर्वांना एकाच हवेतून, एकाच पट्ट्यात काम करावे लागते. त्यामुळे वाय-फायची गुणवत्ता कोणा एका उत्पादकाच्या कौशल्यापेक्षा परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी पाळलेल्या सामाईक नियमांवर अधिक अवलंबून राहिली आहे. हे नियम प्रामुख्याने आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचा ८०२.११ कार्यगट, वाय-फाय अलायन्स, इंटरनेटचे नियम ठरवणारी आयईटीएफ, वायरलेस ब्रॉडबँड अलायन्स आणि ब्रॉडबँड फोरम या संस्थांमध्ये आकाराला आले.

पार्श्वभूमी

१९८५ साली अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २.४ गिगाहर्ट्‌झसह काही पट्टे विनापरवाना संपर्कासाठी खुले केले. औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी राखलेले हे पट्टे तोवर संपर्काच्या दृष्टीने टाकाऊ मानले जात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्यांतच काम करतो. परवाना नको, पण संरक्षणही नाही, अशी ही व्यवस्था होती. दुसऱ्याच्या लहरींमुळे व्यत्यय आला तर तक्रार करण्याची सोय नव्हती आणि आजही नाही.

अशा पट्ट्यात काम करण्यासाठी ८०२.११ मानकाने 'आधी ऐका, मग बोला' हे तत्त्व स्वीकारले. प्रत्येक उपकरण चॅनेल मोकळे आहे का ते तपासते, मोकळे झाल्यावर ठरावीक काळ थांबते, त्यानंतर यादृच्छिकपणे निवडलेला आणखी थोडा काळ थांबते आणि तरीही शांतता असेल तरच प्रक्षेपण करते. दोघांनी एकाच क्षणी सुरुवात केली तर टक्कर होते आणि दोघेही पुन्हा, आता अधिक लांबलेल्या अवधीसाठी, थांबतात. ही रीत समतावादी आहे. सर्वांना बोलण्याची संधी समान मिळते. मात्र कोणाचे बोलणे तातडीचे आहे, हे तिला कळत नाही.

पहिले मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्याचा कमाल वेग २ मेगाबिट प्रतिसेकंद होता आणि त्यातील अनेक बाबी ऐच्छिक ठेवलेल्या असल्यामुळे दोन कंपन्यांची उपकरणे मानक पाळूनही एकमेकांशी बोलतीलच, याची खात्री नव्हती. या कार्यगटाचे अध्यक्षपद १९९० पासून दहा वर्षे व्हिक हेझ यांच्याकडे होते आणि त्यांना वाय-फायचे जनक म्हटले जाते. मानकातील ही उणीव भरून काढण्यासाठी १९९९ साली थ्रीकॉम, एरोनेट, हॅरिस सेमीकंडक्टर, ल्यूसंट, नोकिया आणि सिंबॉल टेक्नॉलॉजीज या सहा कंपन्यांनी एकत्र येऊन एक संघटना स्थापन केली. तीच पुढे वाय-फाय अलायन्स या नावाने ओळखली जाऊ लागली. 'वाय-फाय' हे कोणत्याही शब्दसमूहाचे संक्षिप्त रूप नसून इंटरब्रँड या नामकरण करणाऱ्या कंपनीने सुचवलेले व्यापारी नाव आहे. उपकरणांची परस्परांशी चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याचे काम २०००मध्ये सुरू झाले.

आवाजाला अग्रक्रम

वाय-फायवरून दूरध्वनी संभाषण होऊ लागताच समान संधीची मर्यादा उघड झाली. एक जण मोठी फाइल पाठवत असेल, तर त्याच जाळ्यावरील दुसऱ्याचे बोलणे तुटत असे. यावर उपाय म्हणून ८०२.११ई हे सुधारित मानक तयार होऊ लागले. ते २००५मध्ये मंजूर झाले. परंतु बाजाराला तेवढे थांबवेना. वाय-फाय अलायन्सने मसुद्यातील सहमतीचा भाग उचलून २००४मध्येच 'वाय-फाय मल्टिमीडिया' अर्थात डब्ल्यूएमएम या नावाने प्रमाणपत्र देण्यास प्रारंभ केला. मानक पूर्ण होण्यापूर्वी व्यापारी संघटनेने पुढे जाण्याचा हा प्रघात नंतरही दिसतो.

डब्ल्यूएमएममध्ये माहितीचे चार वर्ग असतात: आवाज, चलचित्र, सर्वसाधारण आणि पार्श्वभूमी. वाट पाहण्याची मूळ रीत तशीच ठेवून प्रत्येक वर्गाच्या वाट पाहण्याचा काळ वेगळा केला आहे. ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात आवाजाच्या पॅकेटला चॅनेल मोकळे झाल्यावर ३४ मायक्रोसेकंद थांबावे लागते, तर पार्श्वभूमी वर्गातील पॅकेटला ७९. त्यानंतरची यादृच्छिक प्रतीक्षा ९ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांत मोजतात. आवाजासाठी ती सुरुवातीला शून्य ते ३ टप्प्यांची, चलचित्रासाठी शून्य ते ७ आणि उरलेल्या दोन वर्गांसाठी शून्य ते १५ टप्प्यांची असते. त्यामुळे आवाजाचे पॅकेट बहुतेक वेळा इतरांच्या आधी निघते.

'बहुतेक वेळा' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. डब्ल्यूएमएम कोणालाही हमी देत नाही, ते केवळ संधीचे पारडे झुकवते. शिवाय प्रतीक्षेचे टप्पे कमी असल्यामुळे एकाच चॅनेलवर अनेकजण एकाच वेळी बोलत असतील तर आवाजाच्या पॅकेटांचीच आपापसांत टक्कर होऊ लागते. ८०२.११ईमध्ये दुसरीही एक पद्धत होती. तीत अ‍ॅक्सेस पॉइंटने प्रत्येक उपकरणाला नेमून वेळ द्यायचा होता. कागदावर ती अधिक काटेकोर होती. पण ती गुंतागुंतीची होती आणि शेजारच्या जाळ्यावर तिची हुकमत चालत नव्हती. उत्पादकांनी ती जवळजवळ वाऱ्यावर सोडली.

पुढे ८०२.११एन मानकाचे वाढीव वेग मिळण्यासाठी डब्ल्यूएमएम चालू असणे आवश्यक ठरवले गेले. राउटरच्या मांडणीत हा पर्याय निरुपयोगी समजून बंद केल्यास वेग ५४ मेगाबिट प्रतिसेकंदावर अडकतो, त्यामागे हेच कारण असते.

खुणांमधील विसंगती

कोणते पॅकेट आवाजाचे आहे हे अ‍ॅक्सेस पॉइंटला कळण्यासाठी त्यावर तशी खूण असावी लागते. इंटरनेटच्या पॅकेटवर अशा खुणेसाठी सहा बिट राखलेले आहेत आणि त्यांचे अर्थ आयईटीएफने ठरवलेले आहेत. वाय-फायच्या अग्रक्रमांना मात्र तीनच बिट असून त्यांचे आठ स्तर आयईईईच्या परंपरेतून आले आहेत. या दोन पद्धतींची सांगड कशी घालायची, हे बराच काळ कोणीच स्पष्टपणे सांगितले नव्हते. बहुतेक उत्पादकांनी सोपा मार्ग धरला: सहापैकी पहिले तीन बिट घ्यायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे.

याचा परिणाम विचित्र झाला. इंटरनेट दूरध्वनीच्या आवाजासाठी ठरलेली खूण ४६ ही आहे. द्विमान पद्धतीत ती १०१११० अशी लिहिली जाते. तिचे पहिले तीन बिट १०१, म्हणजे ५. वाय-फायमध्ये आवाजाच्या वर्गाला ६ आणि ७ हे स्तर दिलेले आहेत, तर ५ हा चलचित्राचा स्तर आहे. म्हणजे ज्या आवाजासाठी एवढी व्यवस्था उभारली, तोच योग्य खूण असूनही चलचित्रांच्या रांगेत उभा राहत असे. दोन्ही संस्थांनी आपापले काम चोख केले होते. चूक दोघांच्या मधल्या जागेत होती. २०१८मध्ये आयईटीएफने प्रसिद्ध केलेल्या आरएफसी ८३२५ या दस्तऐवजाने दोन्हींमधील मेळ खुणेगणिक लिहून दिला आणि त्यात ४६ या खुणेला स्तर ६ नेमला. नंतर वाय-फाय अलायन्सनेही सेवागुणवत्ता व्यवस्थापनाचे स्वतंत्र प्रमाणपत्र आणले. त्यातील एका सोयीनुसार फोनने वर जाणाऱ्या प्रवाहाला दिलेला अग्रक्रम अ‍ॅक्सेस पॉइंट खाली येणाऱ्या प्रवाहालाही देतो. इंटरनेटवरून येताना खुणा वाटेत पुष्कळदा पुसल्या जात असल्यामुळे ही सोय उपयोगी ठरते.

मंद उपकरण आणि फुगलेल्या रांगा

समान संधीच्या तत्त्वात दडलेला आणखी एक दोष ग्रेनोबल येथील संशोधक मार्टिन ह्यूस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये दाखवून दिला. वाय-फाय प्रत्येक उपकरणाला पॅकेट पाठवण्याची समान संधी देते, समान वेळ देत नाही. समजा, एक उपकरण ११ मेगाबिट वेगाने व दुसरे, दूरच्या खोलीतले, १ मेगाबिट वेगाने जोडलेले आहे. १२,००० बिटांचे एक पॅकेट पाठवायला पहिल्याला सुमारे १.१ मिलिसेकंद लागतात, दुसऱ्याला १२. दोघे आळीपाळीने एकेक पॅकेट पाठवत असतील तर १३.१ मिलिसेकंदांत प्रत्येकाचे एकच पॅकेट जाते. इतर खर्च न धरताही प्रत्येकाच्या वाट्याला ०.९ मेगाबिटच येतात. जवळचे वेगवान उपकरण जणू मंद उपकरणाच्या वेगानेच चालू लागते.

दुसरा दोष राउटरच्या आत होता. स्मृती स्वस्त झाल्यावर उत्पादकांनी पॅकेट गळू नये म्हणून रांगा लांबवल्या. त्यामुळे पॅकेट गळत नसे, पण रांगेत ताटकळत राही आणि भरलेल्या जाळ्यावर विलंब सेकंदाच्या घरात जाई. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या प्रकाराला 'बफरब्लोट' हे नाव देऊन त्याकडे लक्ष वेधले. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. तीत रांगेची लांबी न मोजता पॅकेटने रांगेत घालवलेला वेळ मोजला जातो आणि तो सतत मर्यादेबाहेर राहिला तर पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला वेग कमी करण्याचा इशारा दिला जातो.

वाय-फायमध्ये हे दोन्ही दोष एकमेकांना खतपाणी घालत. टोके होयलंड-यॉर्गन्सन, डेव्ह टाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्सच्या वाय-फाय प्रणालीत रांगा आखूड ठेवणारी आणि संधीऐवजी हवेतील वेळ सारखा वाटणारी रचना तयार केली. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार भरलेल्या जाळ्यावरील विलंब त्यामुळे सुमारे दहापटीने घटला. हे काम लिनक्सच्या मूळ संहितेत आणि ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त राउटर प्रणालीत समाविष्ट झाले. नवे मानक, नवी चिप किंवा नवा पट्टा यांपैकी कशाचीही त्यासाठी गरज पडली नाही. वाय-फायच्या जाहिरातींत वेगाचे आकडे ठळकपणे झळकत असताना सामान्य वापरकर्त्याच्या अनुभवात मोठा फरक पाडणारी ही सुधारणा मात्र खोक्यावर सहसा लिहिलेली नसते.

सहकार्यातील संघर्ष

सहकार्याचा हा इतिहास नेहमीच सलोख्याचा नव्हता. ८०२.११एन मानकाच्या वेळी उद्योग 'टीजीएन सिंक' आणि 'वाइज' अशा दोन गटांत विभागला गेला. प्रस्ताव स्वीकारण्यासाठी ७५ टक्के मते आवश्यक होती आणि ती कोणालाच मिळेनात. २००५मध्ये इंटेल, ब्रॉडकॉम, मार्व्हेल, अथेरॉस आदी कंपन्यांनी मानकगटाबाहेर वेगळा संघ स्थापून तडजोडीचा मसुदा तयार केला, तेव्हा कोंडी फुटली. अंतिम मानक सप्टेंबर २००९मध्ये आले. अलायन्सने मात्र मसुद्यावर आधारित प्रमाणपत्रे जून २००७पासूनच दिली होती.

याहून मूलभूत वाद २०१४नंतर उद्भवला. मोबाइल कंपन्यांना एलटीई सेवा ५ गिगाहर्ट्‌झच्या विनापरवाना पट्ट्यातही चालवायची होती. व्हेरायझनने एरिक्सन, क्वालकॉम, सॅमसंग व अल्काटेल-ल्यूसंट यांच्यासह त्यासाठी एलटीई-यू फोरम स्थापन केला. एलटीई-यू वाय-फायप्रमाणे प्रत्येक वेळी आधी ऐकून बोलत नसे, तर ठरावीक चक्राने चालू-बंद होत असे. 'आधी ऐका' हा नियम पाळणाऱ्यांच्या घोळक्यात तो न पाळणारा शिरला तर नुकसान पाळणाऱ्यांचेच होते, अशी वाय-फाय पक्षाची भीती होती. दीर्घ वाटाघाटींनंतर सप्टेंबर २०१६मध्ये सहअस्तित्वाची चाचणी कशी घ्यावी याचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि फेब्रुवारी २०१७मध्ये एफसीसीने अशा पहिल्या उपकरणांना मान्यता दिली.

जाळे बदलताना

मोठ्या इमारतीत चालत जाणाऱ्या व्यक्तीचा फोन एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्याकडे केव्हा जाईल, हा निर्णय वाय-फायमध्ये फोन स्वतः घेतो. अनेक फोन दूर राहिलेल्या जुन्या अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटून राहतात आणि वर वर्णिलेल्या कारणाने स्वतःबरोबर इतरांचाही वेग खाली ओढतात. २००८मधील ८०२.११के व ८०२.११आर आणि २०११मधील ८०२.११व्ही या सुधारणांनी शेजारच्या अ‍ॅक्सेस पॉइंटांची माहिती देणे, ओळख झटपट पटवणे आणि फोनला स्थलांतर सुचवणे शक्य केले. सुचवणेच शक्य केले, सक्ती करणे नव्हे.

वेगवेगळ्या संस्थांच्या जाळ्यांमध्ये फिरताना प्रत्येक ठिकाणी नव्याने नोंदणी करावी लागू नये यासाठी २०१२मध्ये पासपॉइंट हे प्रमाणपत्र आले. वायरलेस ब्रॉडबँड अलायन्सचा ओपनरोमिंग हा उपक्रम त्यावरच उभा आहे. सिस्को कंपनीने तो २०२०मध्ये या संघटनेच्या हाती सोपवला. या कल्पनेचे सर्वांत जुने यशस्वी रूप मात्र व्यापारी जगातील नाही. युरोपातील विद्यापीठांनी सुरू केलेल्या एज्युरोम व्यवस्थेत एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात आपल्याच ओळखपत्रावर वाय-फाय वापरू शकतो. भारतात या व्यवस्थेचे संचालन अर्नेट ही संस्था करते.

भारतातील स्थिती

भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५मध्ये परवानामुक्त झाला. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, सहसा १, ६ आणि ११. मुंबई-पुण्याच्या दाट वस्तीत एकाच मजल्यावरून डझनभर जाळी दिसतात, तेव्हा त्या सर्वांना या तिघांतच जागा वाटून घ्यावी लागते. ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्‌झ ऑक्टोबर २०१८मध्ये खुले झाले आणि ही कोंडी बरीच सैल झाली. काँक्रीटच्या भिंतींतून या लहरी कमी आरपार जातात, हा त्याचा तोटा असला तरी शेजाऱ्याचा उपद्रव त्यामुळे कमी होतो हेही खरे.

सार्वजनिक वाय-फायमध्ये रेलटेल आणि गूगल यांचा उपक्रम उल्लेखनीय होता. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून त्याची सुरुवात झाली आणि जून २०१८पर्यंत तो ४०० स्थानकांवर पोहोचला. गूगलने २०२०मध्ये त्यातून माघार घेण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२०मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेस मंजुरी दिली. तीत लहान दुकानदारालाही परवान्याशिवाय वाय-फाय सेवा देता येते आणि जोडणी, ग्राहकांची नोंद व अ‍ॅप ही कामे वेगवेगळ्या घटकांकडे असतात. मध्यवर्ती नोंदवही सी-डॉट ही सरकारी संस्था सांभाळते.

६ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याबाबत भारतात दोन उद्योग आमनेसामने आले. तंत्रज्ञान कंपन्यांनी तो वाय-फायसाठी खुला करण्याची, तर मोबाइल कंपन्यांनी तो मोबाइल सेवेसाठी राखण्याची मागणी केली. अमेरिकेने एप्रिल २०२०मध्ये या पट्ट्यातील १,२०० मेगाहर्ट्‌झ विनापरवाना वापरास दिले होते. भारत सरकारने मे २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुदा नियमांत खालच्या ५०० मेगाहर्ट्‌झचाच, म्हणजे ५,९२५ ते ६,४२५ मेगाहर्ट्‌झचाच, समावेश होता.

प्रमाणपत्राच्या मर्यादा

वाय-फाय अलायन्सचे मूळ प्रमाणपत्र उपकरणे एकमेकांशी जुळतात एवढेच सांगते. ती भिंतीपलीकडे किती चांगली चालतात हे सांगत नाही. सेवागुणवत्तेशी संबंधित अनेक प्रमाणपत्रे ऐच्छिक आहेत. खोक्यावर छापलेला वेग हा सर्व पट्ट्यांच्या सैद्धांतिक वेगांची बेरीज असतो आणि कोणत्याही एका उपकरणाला तो सहसा मिळत नाही. ही पोकळी भरण्यासाठी ब्रॉडबँड फोरमने २०१९मध्ये टीआर-३९८ ही घरगुती वाय-फायच्या कामगिरीची चाचणी प्रसिद्ध केली. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना राउटर निवडताना तिचा आधार घेता येतो. दुकानातून राउटर घेणाऱ्या ग्राहकाला तिचे निष्कर्ष क्वचितच पाहायला मिळतात.

पुढील पिढ्या

सप्टेंबर २०१९पासून प्रमाणपत्र मिळू लागलेल्या वाय-फाय ६मध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट एकाच चॅनेलचे लहान तुकडे करून ते अनेक उपकरणांना एकाच वेळी नेमून देऊ शकतो. २००५मध्ये उत्पादकांनी बाजूला ठेवलेली मध्यवर्ती नियंत्रणाची कल्पना अशा रीतीने वेगळ्या रूपात परतली. जानेवारी २०२४पासून प्रमाणित होणाऱ्या वाय-फाय ७मध्ये एकच उपकरण दोन पट्ट्यांवर एकाच वेळी जोडलेले राहू शकते, त्यामुळे एका पट्ट्यात गर्दी झाली तर पॅकेट दुसऱ्या पट्ट्याने जाते. त्यापुढील ८०२.११बीएन या मानकाच्या आखणीत कमाल वेग वाढवण्याऐवजी विश्वासार्हतेवर भर देण्यात आला असून, जवळजवळच्या अ‍ॅक्सेस पॉइंटांनी हवेतील वेळ आणि प्रक्षेपणाची शक्ती आपापसांत ठरवून वापरावी, असा त्यातील एक प्रमुख प्रस्ताव आहे.